सुचत नाही तेव्हा

जाहिरातीच्या आणि सजावटीच्या धंद्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, 'काही सुचत नाही.' कवीला सुचलं नाही तर तो थांबू शकतो. वर्षभर गप्प राहिला तर त्याच्या गप्प राहण्याचंही कौतुक होतं. आमचं तसं नाही. वर्तमानपत्राचं पान रात्री छपाईला जाणार असतं, दुकानाचं उद्घाटन शुक्रवारी असतं, मिठाईचा डबा ईदच्या आधी छापून यायचा असतो. आमच्या सुचण्याला तारीख असते आणि ती दुसऱ्यानं ठरवलेली असते.

गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी हे काम करतो आहे. बोधचिन्हं, पाकिटं, फलक, कॅलेंडरं, निवडणुकीची पत्रकं, लग्नाच्या पत्रिका, सगळं केलं. वाढलो मिरजेत, नोकरी केली पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेत आणि आता सांगलीत स्वतःचं लहानसं कार्यालय आहे. या एवढ्या वर्षांत एकदाही अडलो नाही असा महिना आठवत नाही. आपल्या समाजातली पुष्कळ मुलं-मुली आता या क्षेत्रात येताहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो, 'सर, सुचायचं बंद झालं की काय करायचं?' त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझे अब्बा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार अशी त्यांची कामं. त्यांच्या तोंडून 'सुचत नाही' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. पाटीचं काम अक्षरापासून सुरूच होत नसे. आधी पत्रा घासायचा, गंज काढायचा, अस्तर द्यायचं. ते वाळेपर्यंत दुसरा पत्रा घ्यायचा. मग खडूत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधेच टिचकी मारायची, की शिरोरेषा उमटायची. मग अक्षरं मोजायची. 'क्लॉथ'ला किती जागा, 'स्टोअर्स'ला किती. ब्रश रंगात बुडेपर्यंत त्या पत्र्याच्या सहवासात अर्धा दिवस गेलेला असायचा. कोऱ्या पत्र्याची भीती वाटायला जागाच नव्हती, कारण तोवर तो पत्रा कोरा राहिलेला नसायचा. मी नुसता बसलेला दिसलो की म्हणायचे, "हात चलता रख. दिमाग पीछे से आता."

आमच्या गावात आणखी एक धडा रोज डोळ्यांसमोर होता. मिरजेचे सतारमेकर. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तसा त्यांनी हात वाद्यांकडं वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही माणसं रिकाम्या कागदावर सतारीचं चित्र काढत बसत नाहीत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेला वाळका भोपळा हातात घेतात, फिरवून पाहतात, टिचकी मारून ऐकतात. मोठ्या घेराचा असेल तर पुरुषी आवाजाचा तानपुरा, लहान असेल तर बायकी आवाजाचा किंवा सतार. वाद्य काय व्हायचं हे निम्मं त्या भोपळ्यानंच सांगितलेलं असतं. कारागिराचं काम ते ऐकण्याचं.

पुण्याला नोकरीत गेलो तेव्हा मात्र समोर पत्राही नव्हता आणि भोपळाही नव्हता. समोर संगणकाचा पांढरा पडदा होता. पत्रा घासताना वेळ जातो, पडद्यावर काहीच घासावं लागत नाही. पहिल्याच क्षणाला थेट कल्पनाच हवी असते आणि ती चांगलीच हवी असते. माझ्या मते आमच्या धंद्यातलं अडणं इथून सुरू होतं. डोकं रिकामं झालेलं नसतं. पहिलीच रेघ उत्तम यावी या हट्टानं ते हाताला हलू देत नाही.

तिथल्या एका वरिष्ठांनी मला जेम्स वेब यंग या अमेरिकी जाहिरातकाराचं १९४० सालचं छोटंसं पुस्तक दिलं होतं. कल्पना कशी सुचते यावरचं. त्याचं म्हणणं सरळ आहे. आधी माहिती गोळा करा, वस्तूची आणि एकूण आयुष्याचीही. ती उलटसुलट करून चघळा. थकलात की सोडून द्या, दुसऱ्या कशात तरी रमा. मग ती आपण होऊन येईल. आली की तिला दिवसाच्या उजेडात तपासून घ्या. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं जवळपास हेच टप्पे मांडले होते. वाचून गंमत वाटली. अब्बांचं अस्तर वाळेपर्यंत थांबणं या दोघांनी पुस्तकात घातलं होतं!

यातला सोडून देण्याचा टप्पा सर्वांत अवघड. आमच्या दिवसात त्याची सोय आहे. जोहरची अजान झाली की उठायचं, वजू करायची, पंधरा-वीस मिनिटं कामाचा विचार बाजूला. विसरलेलं सगळं नेमकं नमाजमध्येच आठवतं, असं आपल्यात गमतीनं म्हणतात. त्या हेतूनं कुणी नमाज पढू नये, पण कामाची साखळी दिवसातून काही वेळा तुटते, हे खरं. ज्याला जे रुचेल ते त्यानं करावं. कुणी कृष्णेच्या घाटावर जावं, कुणी भाजी आणावी. पडद्यासमोरून उठावं हे महत्त्वाचं.

पण उठण्याआधी पुरेसं बसावं लागतं, आणि हात चालता ठेवून बसावं लागतं. याला उर्दूत सुंदर शब्द आहे, मश्क. म्हणजे सराव. तरुणपणी अब्बा काही महिने मुंबईत एका कातिबाकडं होते. तो त्यांच्याकडून दिवसभर 'अलिफ' आणि 'बे' गिरवून घेई. अरबी लिपीतल्या अक्षरांना प्रमाण देण्याचं श्रेय दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्ला यांना दिलं जातं. कलमाच्या टोकानं उमटलेला चौकोनी नुक्ता हे माप, आणि अलिफ किती नुक्त्यांचा उंच ते ठरलेलं. कलमाला मोकळं रान नाही, पण त्या मापाच्या आतच शेकडो वर्षं नवी वळणं निघत राहिली. इराणमध्ये 'सियाह मश्क' म्हणून एक प्रकार आहे. हात मोकळा व्हावा म्हणून खुशनवीस एकाच कागदावर तेच अक्षर पुनःपुन्हा, उलटं-सुलटं, एकावर एक लिहीत जात, कागद काळा होईपर्यंत. वाचायला त्यात काही नसे. पुढं लोकांना त्या काळ्या झालेल्या कागदांचंच सौंदर्य दिसू लागलं आणि ते कागद जपून ठेवले गेले, चौकटीत लागले.

मला या गोष्टीनं फार धीर दिला. अडलेल्या दिवशी मी पडदा बंद करतो, रद्दीतला कागद घेतो आणि तो काळा करतो. दुकानाचं नाव चाळीस वेळा लिहितो. आमचा बोरू आणि कातिबाचा कलम दोन्ही एकाच जातीचे, फक्त तासण्याचा फरक. मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे शब्दाच्या अक्षरांतूनच नाटकाचा स्वभाव उभा करत. चित्र सापडत नाही तेव्हा अक्षराकडं बघावं, ते बऱ्याच वेळा अक्षरातच बसलेलं असतं.

एक प्रसंग सांगतो. २०११ च्या रमजानमध्ये आमच्या भागातल्या एका दूध डेअरीची ईदची जाहिरात माझ्याकडं आली. वर्तमानपत्रातलं पाव पान. कार्यालयातला सहकारी म्हणाला, "सर, तुमचाच सण. तुम्हाला काय अवघड?" मी चार दिवस अडून बसलो.

का, ते सांगायला हवं. ईद म्हटलं की हात आपोआप जातो तो चंद्रकोरीकडं, मिनाराकडं, हिरव्या रंगाकडं, जाळीदार टोपी घातलेल्या मुलाकडं. यातलं काहीच खोटं नाही. पण तयार चित्रांच्या संग्रहातल्या त्या मशिदी मिरजेच्या नसतात, कुठल्या तरी वाळवंटी किंवा तुर्की शहरातल्या असतात. आपण शेकडो वर्षं इथले, मराठी बोलणारे, आणि चित्रात मात्र दूरदेशीचे पाहुणे. ज्यानं मुसलमानाचं स्वयंपाकघर कधी आतून पाहिलं नाही, त्याला आपण जाहिरातीतून एवढेच दिसणार.

शिवाय ते साल साधं नव्हतं. २००९ च्या गणेशोत्सवात मिरज-सांगलीत दंगल झाली होती, संचारबंदी लागली होती. तिची आठवण ताजी होती. आणि २०११ मध्ये रमजान ईद ३१ ऑगस्टला नि गणेश चतुर्थी लगेच १ सप्टेंबरला आली होती. दोन्ही मोहल्ल्यांत लोक जरा जपूनच बोलत होते. अशा वेळी पाव पानात काय दाखवायचं? 'भाईचारा' असा मोठा शब्द छापून हात झटकता आले असते. तसली पोस्टरं भिंतीभिंतीवर होती आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी कागद काळा करायला घेतला. ठरवलं, आपल्या घरातल्या ईदच्या पन्नास गोष्टी लिहायच्या, चांगली-वाईट न बघता. पहिल्या वीस सगळ्यांना ठाऊक असलेल्याच निघाल्या. चांदरात, मेंदी, अत्तर, ईदी. पंचविशीनंतर गाडी रेंगाळली आणि मग खरं घर दिसू लागलं. शिंप्याकडं पहाटेपर्यंत अडकलेला कुर्ता. अम्माच्या हाताला येणारा भाजलेल्या शेवयांचा वास. खारका चिरून काळी पडलेली बोटं. दुधाच्या रांगेत आदल्या रात्रीपासून ठेवलेल्या किटल्या. आणि एकोणचाळिसावी गोष्ट, शेजारच्या काकूंचं पातेलं.

शीरखुर्मा घरोघरी पाठवायचा म्हणजे भांडी कमी पडतात. शेजारचं पातेलं आपल्याकडं, आपलं तिसऱ्याकडं, अशी ती फिरत असतात. हरवू नयेत म्हणून आपल्याकडं भांड्यांवर नावं कोरायची पद्धत आहे. आमच्या फळीवर 'कुलकर्णी' कोरलेलं एक पातेलं कायम असायचं. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत सगळ्याच घरांत. आमच्याकडून शीरखुर्मा जाई, तेच भांडं दुसऱ्या सणाला मोदक किंवा पुरणपोळी घेऊन येई.

जाहिरात त्यातूनच झाली. ओट्यावर एक रिकामं, घासलेलं पितळी पातेलं, त्यावर कोरलेलं नाव 'कुलकर्णी', मागं फळीवर शेवयांचं पाकीट. खाली एकच ओळ, 'हे पातेलं रिकामं परत जाणार नाही.' त्याखाली डेअरीचं नाव. मालकांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "छान आहे. पण यात चंद्र कुठं आहे?" शेवटी कोपऱ्यात लहानसा चंद्र आलाच. आला तर आला. धंद्यात तेवढं चालायचंच. ईदच्या संध्याकाळी एका अनोळखी बाईंचा कार्यालयात फोन आला. म्हणाल्या, "आमच्याकडं शेखांचा डबा आहे दोन वर्षांपासून. उद्या मोदक घालून पाठवते." दोन वर्षं म्हणजे कधीपासून, ते मला विचारावं लागलं नाही.

हल्ली काम बदललं आहे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली. 'ईदची जाहिरात' एवढं टाइप केलं की क्षणात दहा चित्रं समोर येतात. गिऱ्हाईकच ती मोबाईलवर घेऊन येतं. वरवर पाहता कोऱ्या पडद्याची भीती संपली. पण त्या चित्रांत पुन्हा चंद्र, मिनार आणि वाळवंटी मशीदच जास्त असते, कारण आजवर लोकांनी बनवलेल्या चित्रांवरच ते यंत्र शिकलेलं आहे. माझ्या यादीतल्या पहिल्या वीस गोष्टी ते फार लवकर देतं. तेवढा वेळ वाचला, बरंच झालं. एकोणचाळिसावी गोष्ट मात्र आपल्यालाच शोधावी लागते.

नव्या मुलांना मी एवढंच सांगतो. अडलात तर आधी काम नीट समजलं आहे का बघा. अर्धी अडणी तिथंच सुटतात. दुकानात जाऊन तासभर उभे राहा, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐका. मोकळं रान मागू नका, मापं मागा. कागद काळा करा. थकला असाल तर झोपा, थकव्याला प्रतिभेचं दुखणं समजू नका. आणि आपल्या घरातलं काही सुचलं तर ते लहान म्हणून टाकू नका.

फ्लेक्स आल्यावर अब्बांचं काम चार-पाच वर्षांत जवळजवळ थांबलं. पाट्या यायच्या बंद झाल्या तरी असरनंतर ते जुन्या वर्तमानपत्रांवर रोज तासभर लिहीत बसत. कधी उर्दू, कधी मराठी. कुणासाठी नाही, कशासाठी नाही. ते गेल्यावर त्या काळ्या कागदांचा गठ्ठा मी कार्यालयात आणून ठेवला. नवीन मुलगा कामाला लागला की त्यातला एक कागद त्याच्यासमोर ठेवतो. काही मुलं विचारतात, यात काय लिहिलंय? मी म्हणतो, वाचू नकोस. किती वेळा लिहिलंय ते मोज.