वरच्या मजल्यावरची बाई

रहस्यकादंबरी मिटली की खुनी कोण, हे मी आठवड्याभरात विसरतो. विसरत नाही ती पूर्वायुष्य कुलूपबंद असलेली बाई. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) वरच्या मजल्यावरून एक भयाण हसू ऐकू येते. ती कोंडलेली बर्था. पण तिची हकीकत सांगतो कोण? तिला कोंडणारा नवराच! वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या जीन ऱ्हीसला हे सोसवले नाही. १९६६ साली 'वाइड सारगासो सी' लिहून तिने बर्थाला बालपण दिले, आंत्वानेत हे नाव दिले, आणि मुख्य म्हणजे वाचा दिली.

आमच्या आजोळीही एका मावशीचा विषय निघाला की माजघरातले आवाज खाली येत. तिची बाजू कोणीच लिहिली नाही. म्हणून असल्या कादंबऱ्या मी रात्र रात्र जागून वाचतो.