विसरभोळा

आमचा पुतण्या निगडीस आमच्याकडे शिकावयास असतो. सकाळीं पाठ केलेला पाढा तो सायंकाळीं विसरे. आळशी म्हणून आम्हीं त्याचे कानही पिळले. पुढें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधनाची हकीकत वाचनांत आली. १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांचीं अपत्यें यांचा तेथें वर्षानुवर्षें अभ्यास झाला. गर्भारपणीं ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होतें, त्यांचीं मुलें नवव्या वर्षीं अवधानाच्या व स्मरणाच्या कांहीं चांचण्यांत मागें पडलीं. पुतण्याचें कारण हेंच, असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण त्या दिवसापासून आमचा हात त्याच्या कानाकडे वळला नाहीं. आतां पाढा आम्ही दोघे मिळून म्हणतों. सतराच्या पाढ्यांत तो अजून अडतो, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही.