मुखवटा कुणाचा?

‘बॅटमॅन एक्सएक्सएक्स : अ पॉर्न पॅरडी’ हा २०१०चा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक अ‍ॅक्सल ब्राउन. मला तो हॉस्टेलमध्ये कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर सापडला. कमी बजेटचा फालतूपणा असणार असं वाटलं होतं. पण १९६६च्या अ‍ॅडम वेस्टवाल्या टीव्ही मालिकेचे कपडे, भडक रंग, चेहऱ्यावरची माशी न हलवता बोललेले बाष्कळ संवाद, सगळं इतक्या प्रेमाने उचललेलं, की आम्ही ‘ते’ सीन पुढे ढकलून उरलेला सिनेमा बघितला.

हे राजरोस कसं चालतं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये एका रॅप गाण्याच्या खटल्यात सांगितलं, की विडंबन पैसे कमवायला केलं तरी ते ‘फेअर यूज’ ठरू शकतं. ‘पॅरडी’ हा शब्द थेट नावातच असतो, तो उगाच नाही.

हे कवच सिनेमाला मिळतं, त्यात काम करणाऱ्यांना नाही. सुपरहिरोची सगळी गंमत मुखवट्यात असते. रात्रभर गुंडांना बडवायचं आणि सकाळी ब्रूस वेन होऊन नाश्त्याला बसायचं. इथल्या कॅटवुमनकडे मात्र टोपणनावापलीकडे लपायला काही नाही. उद्या तिला दुसरी नोकरी करावीशी वाटली, तर समोर बसलेल्याने ती क्लिप पाहिलेली असू शकते. डिलीट केल्यावरही एखाद्या फाइलच्या किती प्रती उरतात, हे मी कामावर रोज बघतो.

त्यातली एक आमच्या हॉस्टेलमध्ये होती.