कलम निसटली

चाकू घरी आला त्या दिवशी आधी पट्टी घेऊन पातं मोजलं. साडेतीन इंच. शस्त्र कायद्यात, घरकामाची नि शेतीची अवजारं सोडली तर, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागू शकतो. हे कळलं तेव्हापासूनची ही सवय. रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाच्या अवतीभवती राहणाऱ्या आमच्यासारख्यांकडे चाकू म्हणजे भाजीचा. माझ्या चाकू जमवायच्या छंदाला आई ‘खूळ’ म्हणते.

हा चाकू सांगून करवून घेतलेला, घडीचा. शिसवी मूठ आणि मुठीच्या तोंडाशी, पातं जिथं मिटतं तिथं, दोन्ही अंगांना जर्मन सिल्व्हरची पट्टी. कारागीर तिला बोल्स्टर म्हणतात. ती मुद्दाम कोरी ठेवायला सांगितली होती, कारण नक्षी मी काढणार होतो! इटलीत गार्दोने वाल ट्रोंपिया नावाचं बंदुकांचं गाव आहे. तिथले लोक भिंगाखाली बारीक बारीक ठिपके टोचून पाखराचं पीस न् पीस उभं करतात. ते फोटो बघून डोकं फिरलं होतं.

सराव एका जुन्या सुरीच्या पात्यावर केला. कोरणी नुसती घसरायची. पाणी दिलेलं पोलाद इतकं टणक होतं की साध्या कोरणीचंच टोक तुटतं. पात्यावर काही हवं असेल तर ते पाणी देण्याआधी कोरायचं, नाहीतर तेजाबानं उमटवायचं. मग जर्मन सिल्व्हरकडे वळलो. ते मऊ, कापतं छान. जरा जास्तच छान. नक्षीतल्या तिसऱ्या पानाला कोरणी सुटली ती पट्टीवर तिरकी रेघ ओढून थेट डाव्या अंगठ्यात. रक्त थांबलं, रेघ राहिली.

आई म्हणाली, “वाट्यांवर नाव घालणारा परवडला तुझ्यापेक्षा.”

म्हणून सदर बाजारात सोनाराचं दुकान गाठलं. सोबत आजीचा अडकित्ताही घेतला, त्याचा सांधा लुळा पडला होता. सोनारानं पट्टी उजेडात धरली. “ये किसने किया?”

“एक लड़का है…” मी म्हणालो. त्यानं माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मिटलेल्या चाकूला कागद गुंडाळून त्यानं तो ठोकळ्यावरच्या गरम लाखेत रोवला. कलमेची, म्हणजे कोरणीची, मूठ तळहातात, बोट टोकापाशी. मी बघत होतो ती कलम. वळत होता ठोकळा. कलम जवळजवळ जागेवरच, आणि वळण तिच्याखाली सरकत येत होतं. मी उलट मनगट वळवत बसलो होतो! कलम जरा कलती केली की रेघ रुंद होऊन चमकायची, उभी केली की केसाएवढी. पुढ्यात नखाच्या कातऱ्यासारखे चंदेरी कुरळे तुकडे साठत होते. माझी रेघ त्यानं वेलीचा देठ केली. ती तिरकी असल्यामुळे एका बाजूची पानं मोठी झाली, दोन्ही पट्ट्या जुळत नाहीत. जाणकार संग्राहक नाक मुरडेल. मुरडू दे.

“सोना नहीं भरवाएंगे?” त्यानं विचारलं. उदयपूरची कोफ्तगिरी त्याला ठाऊक होती: लोखंडावर आडव्याउभ्या बारीक रेघा ओढून खरखरीत करायचं, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची, मग घोटायची. खिशाकडे बघून नको म्हटलं.

मग अडकित्ता. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे कितीतरी प्रकार पाहिलेत, मोर काय, घोडे काय. आमचाही मोर, पितळी. कापतं ते बोटभर लोखंडी पातं, बाकी सगळा थाट. पण आजी दिवसातून दहादा सुपारी कातरायची. अंगठा टेकायचा तिथली पिसं पार गुळगुळीत झालीत. ती पुन्हा कोरून द्याल का, मी विचारलं.

“इस पर? नहीं भैया. पीतल पतला हो गया है, कलम आर-पार जाएगी.”

सांध्याच्या खिळ्यावर त्यानं हलक्या हातानं दोन ठोके दिले, उघडमीट करून पाहिली, थेंबभर तेल सोडलं. गल्ल्याशेजारच्या डबीतून एक सुपारी काढली, अडकित्त्यात धरली. कट्ट. अर्धी तोंडात टाकली, अर्धी माझ्यापुढं केली.