पट्टीवरचा गळा

पियानोवर एकट्याने वाजवायची नवी रचना आणि हार्मोनियमवर एकट्याने मांडायचा राग या दोन्हींत रचनाकारापुढची पहिली अडचण एकच असते. सूर पट्टीतून काढायचा, पण तो गळ्यातून आल्यासारखा वाटला पाहिजे. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर त्या क्षणापासून विरू लागतो. हार्मोनियमचा सूर भात्यात हवा असेपर्यंत टिकतो. मात्र एकदा पट्टी दाबली की त्या सुराला वर-खाली हलवता येत नाही. एकाला दम नाही आणि दुसऱ्याला लवचीकपणा नाही. या उणिवांवर पूर्वीच्या वादकांनी काय तोडगे काढले, हे समजून घेतल्याशिवाय नव्या रचनेला पाया मिळत नाही.

अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा फ्रेडरिक शोपँ त्याच शहरात राहत होते. शोपँ यांनी जवळजवळ सगळी रचना पियानोसाठी केली. त्यांच्यावरच्या प्रभावांचे तीन स्रोत स्पष्ट दिसतात. ‘नॉक्टर्न’ हा प्रकार त्यांच्याआधी जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने रूढ केला होता. बाखने १७२२ च्या संग्रहात सर्व स्वरस्थानांतून रचना बांधल्या होत्या, त्याच कल्पनेतून शोपँ यांची १८३९ ची चोवीस प्रील्यूड आली. तिसरा प्रभाव गायकांचा. बेल्लिनीच्या ऑपेरातले गाणे त्यांना प्रिय होते आणि चांगले गायक ऐका, असे ते शिष्यांना आवर्जून सांगत. विरून जाणाऱ्या सुरावर लांब गायनरेषा उभी करायची असल्याने गायक हेच त्यांचे खरे शिक्षक होते. महाराष्ट्रातल्या एकल संवादिनीवादनाचा, म्हणजे हार्मोनियमवादनाचा, इतिहासही याच दिशेने गेला, आणि इथे तर गायकाचा अधिकार आणखी मोठा.

पाश्चात्त्य हार्मोनियममध्ये हवा पायाने भरावी लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने ती जमिनीवर बसून वाजवण्याजोगी केली आणि भाता मागच्या बाजूला हाताशी आला. या बदलाची मोठी किंमत रचनाकाराने मोजली आहे. पियानोवादकाचे दोन्ही हात सात सप्तकांवर फिरतात. हातपेटीवर डावा हात भात्यात गुंततो आणि बहुधा साडेतीन सप्तकांचा सारा कारभार उजव्या हाताच्या पाच बोटांवर येतो. त्यामुळे इथे स्वरसमूहांची बांधणी हा रचनेचा कणा होऊ शकत नाही. एकच स्वररेषा आणि तिच्यावरचे काम, एवढेच हाती उरते. मराठी संगीत रंगभूमीवरच्या पायपेटीने, म्हणजे ऑर्गनने, दोन्ही हात मोकळे ठेवले होते. पण तिथेही वादकाने रचले ते नाट्यपदाच्या अंगानेच.

हार्मोनियमवर टीका झाली ती याच मर्यादांवरून. समान अंतरांच्या जुळणीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशेजारी हा चढेपणा तयार कानाला टोचतो. मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता जाणे, तर या वाद्यात नाहीच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींवर अभ्यास केला. ई. क्लेमंट्स या न्यायाधीशांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियम घडवण्याचा प्रयत्नही झाला. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. ही सगळी धडपड मोलाची आहे, कारण ती वाद्याच्या दोषाला बगल देत नाही. तरी एकलवादनाची परंपरा उभी राहिली ती बारा स्वरांच्या साध्या पेटीवरच.

त्या परंपरेचा एक उगम ग्वाल्हेरला सापडतो. भैया गणपतराव ‘सुघरपिया’ या नावाने बंदिशी बांधत आणि ठुमरी गात. हार्मोनियमवर त्यांची हुकमत होती. ठुमरीतला शब्द वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगण्याचा व्यवहार त्यांच्यामुळे पेटीवर आला. ठुमरी छोट्या छोट्या स्वरवाक्यांत बोलते, खटके-मुरक्यांत रमते आणि लांब मींडीवर फारशी विसंबून राहत नाही. अडलेल्या वाद्याला असे संगीत सोयीचे पडले.

महाराष्ट्रात हे काम गोविंदराव टेंबे यांनी पुढे नेले. १८८१ मध्ये जन्मलेल्या टेंब्यांचे सांगीतिक घर कोल्हापूर. अल्लादिया खाँ यांची गायकी त्यांनी जवळून ऐकली होती आणि भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानी मानत. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या चाली त्यांच्या. पूरबी ठुमरी, कजरी, गझल या घाटाच्या चालींनी मराठी पदाचे वळण बदलले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. इथे महत्त्वाचा मुद्दा निराळा. टेंबे स्वतः पेटीवादक होते, आणि त्या पदांतल्या पुष्कळ जागा पट्टीवर बोटे सहज पडावीत अशा आहेत. कंठासाठी केलेल्या रचनेत वाद्याचा स्वभाव झिरपला. मग हीच पदे पुढच्या वादकांनी एकलवादनात घेतली आणि ती पुन्हा पट्टीवर आली. प्रभाव असा गळ्यातून बोटात आणि बोटातून गळ्यात फिरत राहतो. मराठी पेटीचे वेगळेपण या फेऱ्यांत घडले आहे.

टेंब्यांनंतर पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांनी ध्वनिमुद्रिकांतून पेटी घरोघर नेली. तयारीची तान आणि स्वच्छ, दाणेदार बोटे हे त्यांचे वैशिष्ट्य. गोव्यातून आलेले तुळशीदास बोरकर त्यांचे शिष्य. बोरकरांनी नाट्यपदात शब्दाचा उच्चार पट्टीवर आणण्याचा मार्ग निवडला. गाणे ठाऊक असलेल्या श्रोत्याला नुसत्या सुरावरून शब्द कळावा, इतका तो उच्चार काटेकोर होता. त्यासाठी व्यंजन जिथे पडते तिथे सूर तोडायचा, स्वर लांबतो तिथे भात्याचा दाब सांभाळायचा आणि अनुस्वारापाशी हवा हलकेच कमी करायची. गुरूची तयारी शिष्याने घेतली, पण तिचा उपयोग दुसरीकडे वळवला. प्रभावाचा याहून चांगला नमुना शोधायला नको.

या काळावर एका सरकारी निर्णयाची छाया होती. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली. त्याआधी दिल्ली केंद्रावर असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी या वाद्याविरुद्ध लिहिले होते, आणि रवींद्रनाथ ठाकूरही त्याच्या विरोधात होते. बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्यानंतरही दरवाजा उघडला तो साथीसाठी, एकलवादनाला नव्हे. ज्या तीन दशकांत रेडिओने सतार, सरोद आणि बासरीचे एकलवादन देशभर पोहोचवले, त्यांत पेटी मैफलीच्या कोपऱ्यात राहिली. टीकेतला सुरांचा मुद्दा खरा असला तरी शिक्षा अपराधापेक्षा मोठी होती. तिचा एक परिणाम असा की पेटीवादकांनी एकमेकांचे एकलवादन कमी ऐकले आणि गायकांना मात्र रोज, मांडीला मांडी लावून ऐकले. साथ हीच त्यांची शाळा झाली.

जालन्याचे नाव या इतिहासात अप्पा जळगावकरांमुळे येते. सखाराम प्रभाकर जळगावकर यांचा जन्म १९२२ मध्ये जालना परिसरातला. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आजचा जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला. संगीताच्या मोठ्या केंद्रांपासून हा भाग दूर. कीर्तन, भजन आणि सणावारचे गाणे हे इथले रोजचे संगीत. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, आणि जुन्या जालन्यातल्या आनंदी स्वामींच्या मंदिरात आषाढीला मोठी यात्रा भरते. भजनी मंडळाच्या पेटीला कोणी एकलवाद्य म्हणत नाही. पण अभंगाची चाल पकडून तिच्या पाठोपाठ जाण्याची सवय बोटांना तिथेच लागते.

अप्पांचे रीतसर शिक्षण गाण्याचे, तेही धृपद-धमार अंगाचे. पेटीत त्यांनी मुख्यतः स्वतःचीच वाट काढली. या क्रमाला फार महत्त्व आहे. धृपदात सुराचा ठेहराव आणि लयीचा हिशेब या दोन गोष्टी पक्क्या होतात, आणि अप्पांच्या पेटीत त्या दोन्ही होत्या. पुढे पुण्यात राहून त्यांनी भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर यांच्यासारख्या गायकांना साथ केली. या तिघांच्या गाण्याची घडण इतकी वेगळी की एकाची साथ दुसऱ्याला चालत नाही. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

झाकिर हुसेन यांच्यासारख्या तबलावादकांबरोबर अप्पांनी धरलेला लेहरा हा रचनेच्या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याचा विषय आहे. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनाची चाल. तबल्याचे एकलवादन चालू असताना ती न थकता फिरत राहते. तीनतालाच्या सोळा मात्रांत सगळे सांगायचे असते. सम डोळे मिटूनही ओळखू यावी लागते. नवव्या मात्रेला, खालीपाशी, चालीने अशी कूस बदलावी की वादकाला अर्धे आवर्तन झाल्याचे कळावे. पेशकाराच्या विलंबित लयीत ती रिकामी वाटता कामा नये आणि रेल्याच्या द्रुत लयीत बोटांना अडकवता कामा नये. इतके करूनही तिने स्वतःकडे लक्ष वेधायचे नसते. चंद्रकंस या कामासाठी पुन्हा पुन्हा निवडला जातो, त्यामागे सवयीइतकेच रागाच्या रचनेचे कारण आहे. कोमल गंधार, मध्यम आणि कोमल धैवतानंतर येणारा शुद्ध निषाद षड्जाकडे जोराने ओढतो. समेआधी तो ठेवला की सम आपोआप ठसते. पंचम नसल्याने चालीत वाटेत विसावाही मिळत नाही, ती पुढे ढकलली जाते. नव्या रचनाकाराने आधी चांगला लेहरा बांधावा, मोठ्या रचनेला नंतर हात घालावा. सोळा मात्रांत तोल साधला नाही, तर अर्ध्या तासाच्या रागमांडणीत तो साधत नाही.

मोठ्या मांडणीत पहिला निर्णय रागाचा. दरबारीचा आंदोलित गंधार किंवा तोडीचा उतरलेला गंधार पट्टीवर तसाच येत नाही. काही वादक असे राग टाळतात. काही जण गंधाराला ऋषभाचा आणि मध्यमाचा कण देऊन त्याच्या हलण्याचा आभास निर्माण करतात. यमन, किरवाणी, हंसध्वनी यांत वाद्य मोकळे होते. पण फक्त सोयीचे राग वाजवणारा लवकरच स्वतःची नक्कल करू लागतो. कस लागतो तो अवघड रागात. मींड नाही म्हणून शेजारची पट्टी सोडता सोडता पुढची दाबायची, दोन्ही सूर निमिषभर एकमेकांत मिसळू द्यायचे आणि त्याच वेळी भाता सैल करायचा. याला मींड म्हणता येत नाही. हा त्या वाद्याचा स्वतःचा अलंकार आहे. गायकाची जागा हुबेहूब काढायला गेलेला वादक तिथे पोहोचत नाही, पण वाटेत त्याला हे दुसरे काहीतरी सापडते. मूळ रचना याच ठिकाणी सुरू होते.

दुसरा निर्णय सुरांच्या संचाचा. खर्ज आणि नर हे संच एकत्र उघडले की आवाज भारदस्त होतो, मात्र द्रुत तानेत तो गढूळ वाटतो. फक्त नर सुरांवर मुरकी स्वच्छ येते. पट्टी काळी एक की पांढरी चार, यावरही बोटांची ठेवण बदलते, आणि एका पट्टीत सहज पडणारी तान दुसऱ्या पट्टीत अवघडून बसते. सा बदलणाऱ्या पेटीने ही अडचण कमी केली, तरी अनेक जुने वादक बोटांनीच सगळ्या पट्ट्या साधत. तसे केल्याने प्रत्येक पट्टीत वेगळे स्वरवाक्य सुचते, असा पेटीवाल्यांचा अनुभव आहे.

पूर्वसूरींकडून काय घ्यावे याबद्दल या क्षेत्रात बरेच गैरसमज आहेत. मधुकरांची तान जशीच्या तशी बसवणे हा रियाजाचा उत्तम भाग आहे. ती मैफलीत तशीच वाजवली तर तो पाठ होतो. घ्यायचा असतो तो त्यांनी सोडवलेला प्रश्न. टेंब्यांनी ठुमरीची चाल नाट्यपदाच्या चौकटीत कशी बसवली, बोरकरांनी व्यंजन पट्टीवर कसे उच्चारले, अप्पांनी लेहऱ्यात स्वतःला किती मागे ठेवले आणि तरी समेवर किती ठाम राहिले, हे प्रश्न आजच्या वादकाने स्वतःच्या रागात, स्वतःच्या हातावर नव्याने सोडवायचे असतात. शोपँ यांनी फील्डकडून नॉक्टर्नचा साचा घेतला. आत भरलेले संगीत त्यांचे स्वतःचे होते आणि साच्याच्या कडाही त्यांनी मोडल्या.

पियानोची रचना कागदावर उतरते आणि दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी जाते. संवादिनीची रचना बहुतांशी वाजवतानाच घडते. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत बंदिश, गत किंवा लेहरा नीट लिहिता येतो. कणही लिहिता येतात. भात्याचा दाब मात्र कोणत्याच लिपीत येत नाही, आणि शब्दाचा उच्चार, सुराचा शेवट, दोन स्वरवाक्यांमधला श्वास हे सारे त्या दाबावर अवलंबून असते. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना उजव्या हाताबरोबर डावा हातही ऐकावा लागतो. सूर कुठे पूर्ण तुटतो, कुठे नुसता बारीक होतो आणि तान संपल्यावर भाता किती वेळाने पुन्हा भरतो, हे टिपून ठेवले तर त्या वादकाची शैली बोटांपेक्षा जास्त तिथे सापडते.