पिची रिचीच्या खिंडीतली दगडी वही

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरापासून उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा हे गाव आहे. तिथून क्वॉर्न नावाच्या छोट्या गावाकडे जाताना डोंगरांतली एक खिंड लागते. तिचं नाव पिची रिची! खिंडीतून जुन्या काळची अरुंद रुळांची आगगाडी जाते. हौशी स्वयंसेवकांनी ती जपली आहे. ठरावीक दिवशी तिचं वाफेचं इंजिन अजूनही भकभक करत खिंड ओलांडतं.

प्रवासी खिडकीतून डोंगर पाहतात. आपण मात्र, मित्रांनो, इथला लालसर खडक पाहू या. एकावर एक पातळ थर, अगदी वहीच्या पानांसारखे! कित्येक थर तर मिलिमीटरहूनही बारीक. हा खडक सुमारे ६३-६४ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा डायनोसॉर तर सोडाच, साधा मासाही जन्माला आला नव्हता.

जॉर्ज विल्यम्स या भूवैज्ञानिकांनी ही पानं मोजली. थर आधी जाड होत जातात, मग पातळ, मग पुन्हा जाड. असा एक फेरा साधारण १२ थरांचा. त्यांना वाटलं, हा बर्फाळ प्रदेशातल्या तळ्याचा गाळ असावा. उन्हाळ्यात बर्फ वितळून गाळ येणार, हिवाळ्यात थांबणार, म्हणजे एक थर एका वर्षाचा. सूर्यावरचे डागही साधारण ११ वर्षांनी वाढतात नि कमी होतात. मग हा फेरा सूर्याचाच! १९८१ साली त्यांनी तसं जाहीर केलं. खडकात भोकं पाडून दगडाचे लांब दांडे काढले, तेव्हा सुमारे १९ हजार थर मिळाले. म्हणजे सूर्याची १९ हजार वर्षांची रोजनिशीच की!

पण एक गोष्ट खटकत होती. आजच्या हिमसरोवरांच्या गाळात सूर्याची खूण इतकी ठळक दिसत नाही. पुढे ॲडलेडजवळ साधारण त्याच काळातला दुसरा खडक तपासला, तर तिथे एका फेऱ्यात १४-१५ थरही दिसले. चौदा-पंधरा म्हणजे काय? पंधरवडा!

आता कोडं उलगडलं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. उधाणाला थर जाड, भांगाला पातळ. पिची रिचीत भांगाच्या दिवसांत कधी कधी गाळ पोचतच नसे, म्हणून तिथे थर कमी. तळं नव्हतं, समुद्र होता. सूर्याचे डाग नव्हते, चंद्राची भरती होती. आणि १९ हजार वर्षं नव्हती, जेमतेम ६० वर्षं होती!

एक गणित चुकलं तरी आपण वही दप्तरात लपवतो. विल्यम्स यांनी मात्र १९८० चं दशक संपण्यापूर्वी आपलं आधीचं उत्तर स्वतःच खोडलं आणि भरतीचं उत्तर जगापुढे मांडलं.

बक्षीसही केवढं मोठं मिळालं! भरतीच्या त्या नोंदीवरून त्यांनी हिशेब केला: तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस होते आणि दिवस जवळजवळ २२ तासांचा. गुणाकार करून पाहा बरं. ४०० गुणिले २२ म्हणजे ८,८००. आजचे ३६५ गुणिले २४ म्हणजे ८,७६०. वर्ष जवळपास तेवढंच, दिवस मात्र लहान! भरतीच्या पाण्याच्या घर्षणामुळे पृथ्वीची गिरकी हळूहळू मंदावते आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो.

सुट्टीत कोकणात गेलात, तर पौर्णिमेला भरतीचं पाणी कुठवर आलं त्याची खूण करून ठेवा. अष्टमीला पुन्हा बघा. पिची रिचीच्या खडकात हाच फरक कोरलेला आहे.