पाच टक्के माया

एक किलो खोबरेल तेलाचा साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ऑलिव्ह तेलाला १३५ ग्रॅम पुरतो, एरंडेलाला त्याहूनही थोडा कमी. हे आकडे माझ्या साबणाच्या वहीत पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलेले आहेत आणि मला ते फार सुंदर वाटतात. नारळाच्या खोबऱ्यात, एरंडाच्या बीत कोणती मेदाम्लं साठली आहेत, याचं सगळं गुपित त्या एकेका आकड्यात उतरलेलं असतं.

घरी साबण करण्याचा छंद लागला, दोन-चार वड्या बऱ्या जमल्या, की आता जरा चांगलं सामान आणावं असं वाटू लागतं. मग गुलाबाच्या आणि शंखाच्या आकाराचे साचे खुणावतात, रंगांच्या पुड्या खुणावतात, सुगंधाच्या इवल्या बाटल्या खुणावतात. मला विचाराल तर पहिली खरेदी तराजूची करावी. एका ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा. त्याच्याकडे बघून कुणी वाहवा करणार नाही, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

आपलं स्वयंपाकघर अंदाजावर चालतं आणि ते योग्यच आहे. आमटी चाखता येते, मीठ वाढवता येतं, चिंचेचा कोळ घालता येतो. साबणाचा कच्चा घाणा चाखता येत नाही. सोडा जास्त पडला तर वडी त्वचेला भाजते, फार कमी पडला तर ती मऊ, चिकट राहते आणि लवकर खवट होते. म्हणून करणारे एक रीत पाळतात. सगळ्या तेलाचा साबण होईल त्यापेक्षा पाच टक्के सोडा कमी घालायचा. शिंपी शिवणीत माया सोडतो, तशी ही साबणातली माया. तेवढं तेल सोड्याच्या हाती न लागता वडीत मोकळं राहतं आणि अंगाला मऊपणा देतं.

आता हिशेब पाहा. एक किलो मिश्र तेलाला दीडशे ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेसात ग्रॅम. अर्ध्या किलोचा घाणा असेल तर चार ग्रॅमसुद्धा नाहीत. स्वयंपाकघरातला स्प्रिंगचा जुना काटा आठ-दहा ग्रॅम सहज इकडेतिकडे करतो. म्हणजे सगळी माया तो एकट्यानं गिळून टाकू शकतो, आणि वडीकडे बघून कुणाला कळणारही नाही. कळेल ते त्वचेला.

सोडासुद्धा चांगला हवा आणि नीट ठेवायला हवा. तो हवेतली ओल ओढून घेतो, कर्बवायू ओढून घेतो. जुलै महिन्यात डबा उघडा राहिला तर पांढरे चुरे ओलसर, गचगचीत होतात. मग वजनात पाणीही मोजलं जातं आणि खरा सोडा कमी पडतो. घट्ट झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा, ही सामग्री साच्यांच्या आधी यायला हवी. डोळ्यांवरचा चष्मा आणि रबरी हातमोजेही. सोडा नेहमी पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. विरघळताना पाणी ८० अंशांच्या पुढे तापू शकतं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते, म्हणून खिडकी उघडी हवी. आणि घरातली जर्मनची पातेली, म्हणजे ॲल्युमिनियमची, या कामाला अजिबात चालत नाहीत. सोडा त्या धातूला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टेनलेस स्टीलचं भांडं घ्यावं आणि ते साबणापुरतंच राखावं.

माणसानं हजारो वर्षं साबण केला तो यातलं काही हाती नसताना. लाकडाची राख पाण्यात मुरवून खार काढायचा. त्याचा जोर प्रत्येक वेळी वेगळा. युरोप-अमेरिकेतल्या घरांत त्या पाण्यात अंडं सोडून बघत. ते किती वर तरंगतं त्यावरून जोर ठरवत. मग फ्रान्समधल्या निकोला लब्लां यानं १७९१ साली मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं चरबीचं आणि साबणाचं रहस्य वर्षानुवर्षं उलगडत नेलं आणि १८२३ साली त्यावरचा आपला ग्रंथ छापला. चरबीत मेदाम्लं आणि ग्लिसरिन बांधलेली असतात आणि खार ती सोडवतो, हे त्यानं दाखवून दिलं. हा माणूस १०२ वर्षं जगला. माझ्या वहीतले लाल आकडे त्याच अभ्यासाच्या वाटेवरचे आहेत. तराजूत सोडा मोजताना त्या सगळ्या अभ्यासाची मला कृतज्ञता वाटते.

तराजूनंतर हँड ब्लेंडर. लाकडी पळीनं ढवळत बसलं तर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ जातो. ब्लेंडरनं तेल आणि खाराचं पाणी काही मिनिटांत एकजीव होतं. थोडा फिरवायचा, थांबायचं, पळीनं ढवळायचं, पुन्हा थोडा फिरवायचा. पळी उचलून मिश्रणावर धार धरली आणि तिची रेघ क्षणभर वर उमटून राहिली की ओतायची वेळ झाली. त्या रेघेकडे बघताना मी श्वास रोखून धरते. तिथपर्यंत तेल आणि पाणी दोन परके असतात, त्यानंतर ते पुन्हा वेगळे होत नाहीत.

जिनसांचा विचार करताना एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. महाग ते चांगलं असं इथे चालत नाही. ताजं ते चांगलं. लाकडी घाण्याच्या तेलाचा वास आणि चव पानात अमोल, पण तो नाजूक वास सोड्यापुढे फारसा टिकत नाही. उलट जुनं तेल घातलं तर काही महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके उठतात आणि खवट वास येतो. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यामुळे फेस भरपूर येतो, वडी कडक होते, पण नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. त्याला ऑलिव्ह किंवा तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची सोबत द्यावी. एरंडेल पाच-सात टक्के घातलं की फेस टिकून राहतो. फार घातलं तर वडी चिकट होते.

आणि कोकमतेल. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, गोव्यात कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून घेतात आणि थिजलं की त्याचे गोळे वळतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना हेच भिरंडेल लावतात. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं, म्हणून साधारण ४० अंशांपर्यंत ते घट्टच राहतं आणि साबणाला छान कडकपणा आणतं. दूर देशाहून आलेलं शिया बटर जरूर वापरावं, पण त्याआधी आपल्या किनाऱ्यावरच्या या गोळ्याकडे बघावं. माझ्या साबणात ते आलं आणि वडीचा पोतच बदलला.

पाण्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. त्यांच्याशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. करताना डिस्टिल्ड पाणी वापरावं. रंगासाठी हळद घेतली तर एक जुनी गंमत पुन्हा भेटते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तीच ही करणी. खाराच्या मिश्रणात पडलेली हळद आधी लालसर तपकिरी होते आणि दिवस जातील तशी नारिंगी-पिवळ्याकडे वळते. सुगंधासाठी वाळा उत्तम, गवती चहा उत्तम. लवंगेचं तेल मात्र जपून घालावं, त्यानं मिश्रण भराभर घट्ट होतं आणि साच्यात ओतायलाही सवड देत नाही.

वड्या कापल्या की चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर ठेवायच्या. पाणी उडून जातं, वडी कडक होते, फेस सौम्य होतो. आपल्याकडे यासाठी हिवाळा-उन्हाळाच बरा. पावसाळ्यात साबणातलं ग्लिसरिन हवेतली ओल ओढतं आणि वड्यांना घाम सुटतो. मोठ्या कारखान्यांत ग्लिसरिन बहुधा वेगळं काढून घेतात, घरच्या साबणात ते जागेवर राहतं. पावसाळ्यातले ते थेंब म्हणजे त्याचीच खूण. सीरियातल्या अलेप्पो शहरात ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा साबण कित्येक महिने मुरवतात, तेव्हा तो बाहेरून सोनेरी होतो आणि आतून हिरवाच राहतो. त्या कारागिरीची आणि पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसच्या साबणाची नोंद २०२४ साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत केली. लढाया आणि भूकंप सोसलेल्या गावांनी साबणाच्या वड्यांचे मनोरे रचायचं सोडलं नाही, हे वाचलं आणि माझ्या फळीवरच्या मोजक्या वड्यांकडे मी अधिक आदरानं बघू लागले.

साबण ही फार जवळची वस्तू आहे. आपण केलेली वडी म्हाताऱ्या आईच्या पातळ झालेल्या कातडीला लागते, दिवसभर भांडी घासून आलेल्या बाईंच्या हातांना लागते, शेजारच्या मुलाच्या खरचटलेल्या कोपराला लागते. ते आपल्यावर विश्वास टाकून ती वापरतात, आत काय किती पडलंय हे विचारत नाहीत. म्हणून ते मोजणं हे आपलं काम. छंद वाढवायचा तर पैसे आधी काट्यावर, चष्म्यावर, ताज्या तेलावर घालावेत, आणि प्रत्येक घाण्याचं वजन, तापमान, तारीख वहीत उतरवावं. साचा आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्याचा असला तरी चालेल. प्रेमानं केला म्हणून साबण सौम्य होत नाही. तो सौम्य होतो साडेसात ग्रॅम नीट राखले म्हणून, आणि ते इतक्या निगुतीनं राखायचे ते कुणावर तरी प्रेम असतं म्हणून.